वैद्याचे फासे

मुलांनो, प्रत्येकाने गोष्टीतलं एकेक पात्र होऊन खेळायच्या तुमच्या त्या खेळाचे फासे आणायला मी डब्लिनमधल्या एका दुकानात गेले होते. तिथे एक मराठी गृहस्थ एकेक फासा उजेडात धरून पाहत होते आणि जपून परत ठेवत होते.

"नातवासाठी का?" मी विचारलं.

"मुलाचं पात्र आहे, वैद्याचं. मुलगा मार्चमध्ये गेला. त्याचे मित्र म्हणाले, काका, त्याच्या जागी आता तुम्ही खेळा."

"वैद्य दिसतो कसा? त्याला शोभेल असा रंग घ्या," मी म्हटलं.

त्यांनी एक हिरवा फासा उचलला. "ते सगळे आमच्याच बेसमेंटमध्ये खेळायचे. मी फक्त आवाज कमी करा सांगायला खाली जायचो."

मीही तुम्हाला फोनवर जेवलात का, एवढंच विचारते.

हातातला हिरवा फासा त्यांनी ठेवून दिला. "आधी पोरांना विचारतो. त्यांना ठाऊक असेल."