बंद करायचं बटण

सॅमसनदादा गेल्याची बातमी आली तेव्हा मी इथं कॅनडात, ब्रॅम्पटनच्या बसमध्ये मांडीवर ग्रोसरी घेऊन बसले होते. फोनवर त्याची लेक, नाओमी. "आत्या, डॅडी इज गॉन," एवढंच म्हणाली. पुढचा स्टॉप येईपर्यंत उतरताही येईना...

माझा हा थोरला भाऊ शेवटची तीन वर्षं डायलिसिसच्या खुर्चीला बांधलेला होता. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. एक हात मशीनला दिलेला. उरलेल्या हातानं हा गडी साठी उलटल्यावर मोबाईलचं अ‍ॅप बनवायला शिकला. कल्पना साधी होती. आमची बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू मंडळी इथं मूठभर, त्यातली कितीतरी म्हातारी आणि एकटी. दर शुक्रवारी सूर्यास्ताआधी फोननं आपणहून मराठीत, दादाच्याच आवाजात सांगायचं, की शब्बाथ आला, आमचा विसाव्याचा दिवस.

घोडं अडलं ते अँड्रॉइड की आयफोन यावर. आयफोनसाठी मॅक कॉम्प्युटर हवा, आणि दादाकडे धापा टाकणारा जुना लॅपटॉप. दोन्हींसाठी बनवणं जमणार नव्हतं, म्हणून त्यानं अँड्रॉइड धरलं. "डॅडी, आय हॅव अ‍ॅन आयफोन. व्हॉट अबाउट मी?" नाओमीनं विचारलं.

"तुला सांगायला मी आहे ना," दादा म्हणाला. "ज्यांना सांगायला कुणी नाही, त्यांच्याकडे अँड्रॉइड आहे."

तेव्हा मला त्याचा अभिमान वाटला होता. आता त्या वाक्याचा राग येतो.

म्हाताऱ्यांची बोटं कुठंही लागतात म्हणून त्यानं बंद करायचं बटणच ठेवलं नाही. मी चिडवलं, तर नुसता हसला. तो गेल्यावरच्या पहिल्याच शुक्रवारी माझ्या स्वयंपाकघरात त्याचा आवाज आला, "काम पुरे. दिवा लावा, पोरांनो." माझ्या हातातली वाटी पडली. अख्खं अ‍ॅपच काढून टाकायला तीनदा बोट नेलं, तीनदा मागं घेतलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. फोन पार म्हातारा झाला तरी बदलायची सोय नाही, नव्यावर दादाचा आवाज येईलच असं नाही.

हल्ली नाओमी शुक्रवारी माझ्याकडे येते. का, ते मी विचारत नाही. ग्लासात पाणी, वर खोबरेल, त्यात वात... तयारी तीच करते. मग माझा तडा गेलेला फोन ओट्यावर ठेवून आम्ही दोघी वाट बघतो. गेल्या शुक्रवारी आवाज आला, आणि बापाला जन्मभर इंग्रजीत उत्तरं देणारी ही पोर काडी ओढत म्हणाली, "लावते, डॅडी."