न लिहिलेल्या अंकाची तालीम

आमचे तालीममास्तर नाटक कधी वाचत नसत. पार्ल्याच्या हौशी मंडळात ते आम्हाला रंगमंचावर चालायला, बोलायला, वेळेवर गप्प बसायला शिकवत, पण वही पुढे केली की म्हणत, "वाचायला ते काय वर्तमानपत्र आहे? उभं करा, मग बघतो." उमेदीची वर्षं त्यांनी गावोगाव फिरणाऱ्या संगीत नाटक कंपनीत काढली होती. बोलपट आले, कंपनी बसली, आणि मास्तर अंधेरीला पुतण्याच्या बिऱ्हाडी आले. संध्याकाळी आम्हा कारकुनांवर ओरडणं हा त्यांचा उरलेला संसार.

मी तेव्हा बी.ए. होतो. अजूनही आहे, पण तेव्हा फार होतो. वडील गिरणीत साच्यावर कापड विणत. कॉलेजची पायरी चढलेला घरातला मी पहिला. चाळीतल्या दारावर नावापुढे 'बी.ए.' रंगवून घेतलं होतं. ते वाचून आजवर कुणी दचकलेलं नाही. गणपतीतलं नाटक 'आपला बी.ए. लिहील' असं मंडळाने ठरवलं, तेव्हा मला त्यांच्या अकलेचं कौतुक वाटलं.

दोन अंक भराभर झाले. शिकलेला मुलगा घर सोडून निघतो, इथवर आलो आणि गाडी अडली. निघताना बाप काय बोलतो, ते सुचेना. मी नवी निब आणली. वडिलांना खोकायची बंदी केली. "दादा लिहितोय" म्हणून आईने धाकट्यांना जिन्यात जेवायला बसवलं. दादा कागदाच्या कोपऱ्यात हत्ती काढत होता. कचेरीतून आलं की डोळे मिटत. त्याला मी चिंतन म्हणत असे. तिकडे मंडळाने नारळ फोडून तालमी सुरू केल्या होत्या आणि हँडबिलांवर माझं नावही छापलं होतं. नाटक पडलं असतं तर मी पार्ल्यातून तोंड लपवून हिंडलो असतो.

शेवटी मास्तरांना म्हणालो, "मास्तर, प्रतिभा थकली आहे."

"थकली तर झोपू दे तिला. तू कशाला झोपतोस? तिसरा अंक घ्या रे!"

"अहो, पण तो लिहिलेलाच नाही!"

"म्हणून काय तालीम बंद ठेवू? गावकर, तू बाप, इथे उभा राहा. मुलगा ट्रंक घेऊन दारात. चला, बोला काय ते."

गावकर आमचा पोस्टातला मित्र, मूळचा मालवणकडचा. तो घसा खाकरून गरजला, "जा बाबा, जा! तुझी आवस रडता, तिका मी काय सांगू?"

"झकास!" मास्तर म्हणाले.

"झकास काय, मास्तर? बाप असा ओरडतो का?"

"मग रडू दे. रड रे गावकर."

गावकर रडला. त्याला फार छान रडता येई. माझं पित्त खवळलं. "रडणार नाहीत ते! माझे वडील असे रडत नाहीत!"

सगळे माझ्याकडे बघू लागले. नाटकातल्या बापाचं नाव वेगळं होतं.

"अस्सं," मास्तर म्हणाले. "मग ते काय करतात?"

"काही बोलत नाहीत. ट्रंकेची कडी नीट लागली का, ते बघतात."

"तुला सुचत नाही, पण दुसऱ्याचं खोडता बरं येतं. बी.ए.ला तेच शिकवत असतील. खोडत बस."

मग रोज संध्याकाळी ती मंडळी माझ्या अंकाची वाट लावायची आणि मी चिडून घरी जाऊन तो दुरुस्त करायचो. अंक असा रागारागाने पुरा झाला. एकदा मास्तर चहा पिता पिता म्हणाले, "कंपनी बसली तेव्हा वर्षभर मी तोंड उघडलं नव्हतं. आतून काही येईल म्हणून वाट बघितली. आतून फक्त ढेकर आले."

प्रयोगाच्या दिवशी गावकर न बोलता ट्रंकेपाशी वाकला. प्रॉम्प्टर घाबरून काहीतरी सांगायला गेला. मास्तरांनी त्याच्या तोंडावर हात दाबला. मागून कुणी ओरडलं, "गावकर, विसरलास काय रे?" लोक हसले. मग हळूहळू हसायचे थांबले. वडील मला नंतर एवढंच म्हणाले, "कडी बरोबर लावली त्याने."

पुढल्या वर्षी पुतण्याची नागपूरला बदली झाली. मी निरोप द्यायला गेलो तेव्हा मास्तर वळकटी बांधत होते.

"नवीन काय?"

"अजून काही सुचलं नाही."

"ते नाही विचारलं. बोल. टांगा यायचाय."

मी तोंडाला येईल ते बोलू लागलो. एक म्हातारी, एक रिकामी खोली, मग एक घरमालक. मास्तर दोरी आवळत म्हणत होते, "हे नको... शी, हेही नको... हां, पुढे." टांगा आला, सामान चढलं. वळकटीवर हात ठेवून त्यांनी उरलेलं ऐकून घेतलं.

"वाईट आहे," ते म्हणाले. "जा, लिहायला बस."