मर्डिनाने चहा नाकारला

मर्डिना मॅकॅस्किल चहाला नको म्हणाली आणि तिथेच तिचं बिंग फुटलं. आमच्या, कॅनडातल्या केप ब्रेटन बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर चहाला कुणी नको म्हणत नाही. भांडायला आलेला माणूससुद्धा आधी कप रिकामा करतो आणि मग तोंड उघडतो.

पण आधी तिच्याबद्दल सांगते, नाहीतर तुम्हाला ती नुसती दारुडी वाटेल, आणि तिला कुणी नुसतं काहीही म्हटलेलं मला खपत नाही. मर्डिना माझी शेजारीण, शाळेपासूनची मैत्रीण. तिचे वडील अँगस गेले तेव्हा त्यांची शेवंडं, म्हणजे लॉब्स्टर, धरायची होडी आता तिच्या भावाने, म्हणजे लॉकीने, चालवायची असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. मर्डिना दफनभूमीतून तशीच काळ्या कपड्यांत धक्क्यावर गेली, होडीत चढली आणि म्हणाली, "ज्याला मला उतरवायचंय त्याने वर यावं." कुणी गेलं नाही. तेव्हापासून सुकाणू तिच्या हातात, आणि लॉकी मागे उभा राहून शेवंडाचे पिंजरे पाण्यातून ओढतो. लग्न तिने केलं नाही. "एक लॉकी सांभाळतेय, तेवढा पुरे," म्हणायची.

पिणं वाढलं ते हिवाळ्यांत, होडी वाळूवर ओढून ठेवलेली असताना. आधी संध्याकाळी, मग दुपारी, मग सकाळच्या चहातच. गेल्या हंगामात भर उजेडात सुकाणूवर तिचा डोळा लागला आणि होडी खडकावर जाता जाता वाचली. लॉकीने धावत जाऊन चाक फिरवलं म्हणून. गावात तो काही बोलला नाही. पण यंदा बर्फ वितळायला लागल्यावर तिच्या स्वयंपाकघरात उभा राहून म्हणाला, "तू पिऊन सुकाणू धरणार असशील तर मी होडीत पाय ठेवणार नाही. आणि माझ्याशिवाय तुझ्या होडीत येतोय कोण?"

तिने किटली फेकून मारली. नेम चुकला. दुसऱ्या दिवशी तिनेच व्यसनमुक्ती केंद्राला फोन लावला. होडी सोडायला ती तयार नव्हती, मग दारूच सोडायची.

फोनवर त्यांनी सांगितलं की आधी येऊन भेटा, थोडे प्रश्न विचारू, तब्येत बघू, मग कुठला उपचार द्यायचा ते ठरेल. आता आमच्याकडे भेटायला बोलावलं की माणूस कसा जातो? मर्डिनाने पाद्री जेवायला येणार असल्यासारखी तयारी केली. केस कुरळे करून घेतले, चर्चचा निळा कोट काढला, ओटची बिस्किटं भाजून डब्यात भरली. आणि दोन दिवस आधीपासून दारूला हात लावला नाही. "परक्याच्या दारात पिऊन जाऊ? मला काही लाज आहे की नाही?" मला ते अगदी बरोबर वाटलं. इथे कुणालाही वाटलं असतं.

लॉकीने आम्हाला ट्रकमधून नेलं आणि तो बाहेर बाकावर बसून राहिला. आत एक तरुण नर्स होती, शॅनन. मर्डिनाने खुर्चीत बसायच्या आधी विचारलं, "कुणाची गं तू?"

"डॅन बुकॅननची. खाडीपलीकडची."

"म्हणजे तुझ्या आजोबांनी आमच्या पिंजऱ्यांचे दोर कापले होते."

"आजोबा म्हणायचे, पिंजरे आमच्या हद्दीत होते," शॅनन हसत म्हणाली. "आता मी विचारू? मैत्रिणीला बाहेर बसवायचं का?"

"इफीला? ती दाराला कान लावून ऐकेल. त्यापेक्षा इथेच बसू दे."

मग प्रश्न सुरू झाले. किती पिता? "थोडीशी. थंडीपुरती." रोज? "आमच्याकडे रोजच थंडी असते." सकाळी हात थरथरतात? नाही. कधी फिट आली होती? नाही. दुसरी काही औषधं, गोळ्या? नाही. घरात आणखी कुणाला दारूचा त्रास? नाही. वडील कशाने गेले? "छातीच्या दुखण्याने." स्वतःच्या जिवाचं काही करावंसं वाटतं का?

"माझ्या नाही. लॉकीच्या वाटतं कधीकधी."

"मी हा प्रश्न सगळ्यांना विचारते," शॅनन शांतपणे म्हणाली, "आणि खरं उत्तर मागते."

"नाही वाटत," मर्डिना म्हणाली. तेवढं उत्तर मात्र खरं होतं.

या हिशेबाने पोरीने आम्हाला बिस्किटं ठेवून घेऊन घरी पाठवलं असतं, आणि मग होडीचं काय? शॅननने पेन खाली ठेवलं, उठली, तीन कप चहा करून आणला. मर्डिनाच्या पुढ्यातला काठोकाठ भरलेला.

"नको," मर्डिना म्हणाली.

मी बघितलं, तिचे दोन्ही हात मांडीखाली होते. निळ्या कोटाच्या कॉलरवर घाम उतरला होता.

"मर्डिना, मी पण इथलीच आहे," शॅनन म्हणाली. "हात दाखवा."

तिने काढले. पाव शतक सुकाणू धरलेले हात, आणि ते तिच्याच मांडीवर स्थिर राहीनात. शॅननने रक्तदाब मोजला आणि तिचं हसू गेलं. "शेवटची कधी घेतलीत?"

"परवा. तुमच्याकडे यायचं म्हणून सोडली."

"अहो, असं करायला कुणी सांगितलं तुम्हाला? रोज पिणाऱ्याने एकदम तोडली तर फिट येते. माणसं मरतात त्याने. इथे पाहुणी म्हणून यायचं नसतं, जशा असाल तशा यायचं असतं. तुम्ही मला सगळं अर्धंमुर्धं सांगितलंत तर मी तुम्हाला अर्धीच मदत देऊ शकणार."

मर्डिनाचा चेहरा लालबुंद झाला. मला वाटलं आता कप भिंतीवर जातो. पण ती पुढे झुकली. "मग लिही. रोज एक बाटली रम, रविवारी जास्त. सकाळी वाकून कपाला तोंड लावावं लागतं, हाताने उचलवत नाही. गेल्या वर्षी होडी खडकावर घालत होते, भाऊ मेला असता माझा. आणि छातीबिती काही नाही, बाबा दारूने गेले. अख्खा गाव छाती छाती करतो आणि मी पण करते. लिहिलंस? मोठ्या अक्षरात लिही."

इतकी वर्षं मी तिची मैत्रीण, पण अँगसचं हे कुणाच्या तोंडून मोठ्याने ऐकलं नव्हतं. मला रडू आलं, ते मी चहाबरोबर गिळलं.

शॅननने सगळं लिहून घेतलं. मग म्हणाली, "इथून सरळ हॉस्पिटलात. तिथे औषधं देऊन, नजरेखाली ठेवून दारू उतरवतील. त्यानंतर चार आठवडे उपचार केंद्रात. जागा आहे, मी आत्ता फोन करते. पण मध्ये पिंजरे टाकायचा दिवस येतो, तो मला माहितीये. हवं असेल तर हंगाम संपल्यावरची जागा बघू. पण हॉस्पिटल आजच, ते चुकवता येणार नाही."

वर्षातला तो एक दिवस, शेवंडाचा हंगाम सुरू होण्याचा. पहाटे सगळ्या होड्या एकदम सुटतात, सगळं गाव धक्क्यावर असतं. मर्डिनाने तो कधी चुकवला नव्हता. मी पटकन म्हणाले, "हंगाम संपल्यावरच बरं."

"तू गप्प बस, इफी! बाबा दरवर्षी हेच म्हणायचे." मग शॅननकडे वळून, "कर फोन."

बाहेर लॉकी टोपी हातात घेऊन उभा राहिला. ती त्याला म्हणाली, "पहिल्या दिवशी होडी तू काढ. फक्त तू चालवतोयस, तुझी झाली नाही."

"आणि लोकांनी विचारलं तर?" लॉकी खालच्या आवाजात म्हणाला. "बरं नाही म्हणून सांगू?"

"दारू सोडायला गेलीय म्हणून सांग. सगळ्या धक्क्याला ऐकू जाईल असं. जमणार नसेल तर होडी वाळूवरच राहू दे."

लॉकी हा माणूस दुकानात पाव मागतानाही पुटपुटतो. पिंजरे टाकायच्या दिवशी मी मुद्दाम अंधारात उठून धक्क्यावर गेले. पिंजऱ्यांच्या राशी रचलेल्या, इंजिनं धडधडत होती, पाद्र्याची होड्यांसाठीची प्रार्थना आटपली होती. शेजारच्या होडीतून हेक्टर नील ओरडला, "काय रे लॉकी, कॅप्टन कुठेय तुझी?"

सगळ्यांच्या माना वळल्या. लॉकीचे ओठ हलले, पण त्या आवाजात कुणाला काही कळलं नाही. तेव्हा त्याने आपलं इंजिन बंद केलं. हेक्टरने गोंधळून त्याचंही बंद केलं.

"दारू सोडायला गेलीय!" लॉकी ओरडला. "आणखी कुणाला काही विचारायचंय?"

हेक्टरने घाईघाईने आपलं इंजिन पुन्हा चालू केलं.

संध्याकाळी मी केंद्रात फोन लावला. मर्डिनाने आधी शेवंडाचं विचारलं, मग वाऱ्याचं, आणि मग एकदम हळू आवाजात, "बोलला का गं तो?"

"बोलला. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून इंजिन बंद करून बोलला."

पलीकडे तिने जोरात नाक ओढलं.

"मूर्ख आहे," ती म्हणाली. "होड्या सुटायच्या वेळी कुणी इंजिन बंद करतं?"