कडी काढलेलं नाणं

माझ्या नवऱ्याचा माझ्याहून जास्त जीव एकाच वस्तूवर आहे. ती म्हणजे दोन वर्षांपूर्वी घेतलेलं एक सोन्याचं नाणं. ते हाताळताना तो पांढरे हातमोजे घालतो. लेकीला पहिल्यांदा उचलताना त्याने नुसते हात तरी धुतले होते की नाही, मला आठवत नाही.

बाल्टिक समुद्राकाठच्या एका जुन्या बंदराचं ते नाणं. त्या शहराला राजा होता तो नावापुरता. टांकसाळ शहराची स्वतःची. हे नाणं बाजारात चालवायला नव्हतंच, बड्या पाहुण्यांना भेट द्यायला पाडलेलं. "म्हणजे शाल-श्रीफळच की," मी म्हटलं होतं. त्यावर तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

त्या रविवारी तोक्योतल्या एका नाणेसंग्राहकांच्या मंडळात तो ते प्रथमच दाखवणार होता. आठवडाभर आरशासमोर जपानी भाषणाची तालीम चालली होती. सकाळी तो शर्टाला इस्त्री करत असताना मी डबी उघडली, अर्थातच हातमोज्यांशिवाय, आणि कडेवर बोट अडलं. तिथे दोन बारीक खडबडीत ठिपके होते. आईच्या पुतळ्यांच्या माळेतली एक कडी निघाली, तेव्हा अगदी असेच ठिपके राहिले होते. कुणीतरी हे नाणं कडी लावून गळ्यात घातलं होतं तर! कडी लावलेलं नाणं संग्राहक कमअस्सल मानतात, हे त्याच्याच तोंडून मी शंभरदा ऐकलेलं. आता सगळ्यांसमोर त्याची शोभा होणार.

घराजवळच्या निशी-कसाई स्टेशनला मेट्रोत बसलो. सांगितलं तर त्याचा चेहरा इथे पडणार, नाही सांगितलं तर तिथे. मी गप्पच राहिले.

"बरं वाटत नाहीये का?" त्याने दोनदा विचारलं.

मंडळात सगळे आजोबाच. माझा नवरा उठला, कमरेत वाकला आणि पहिल्याच वाक्यात म्हणाला, "याला वर कडी होती. ती काढल्याची खूण इथे दिसते. म्हणूनच हे मला परवडलं." आजोबांनी माना डोलवल्या आणि भिंग एकमेकांकडे सरकवलं.

परतीच्या गाडीत मी विचारलं, "दोन वर्षं मला का नाही सांगितलंस?"

"तू हसली असतीस."

हसलेच असते. वर मैत्रिणींनाही सांगून हसवलं असतं. अनोळखी आजोबांपुढे जे तो सहज बोलला, ते बायकोपुढे बोलायची त्याला धास्ती वाटत होती. मला फार वाईट वाटलं. मी त्याचा हात धरला आणि निशी-कसाई येईपर्यंत एक अक्षर बोलले नाही.

"खरंच बरं वाटत नाहीये का?" त्याने तिसऱ्यांदा विचारलं.