टाचेखालचा पुठ्ठा

औशाच्या त्या सायकलवाल्याचं नाव मी विचारलंच नाही. तो गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं बघायचाच नाही, पायांकडं बघायचा. चाळिशी ओलांडल्यावर मी पहिल्यांदा स्वतःसाठी सायकल घ्यायला गेले आणि सवयीनं सगळ्यात उंच सायकलीला हात घातला. लहानपणी घरात एकच सायकल होती, भावाची. दांडीखालून पाय घालून, एका अंगाला कलून मी ती चोरून चालवायचे.

मी सीटवर बसले. त्यानं उकिडवं बसून माझ्या टाचेखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला. तो सरळ आरपार गेला.

"टाच हवेत हाय, ताई. मधीच म्हैस आडवी आली तर काय टेकवताव?"

मग त्यानं बुटकी सायकल काढली, सीट अजून खाली केली. या खेपेला पुठ्ठा टाचेखाली अडकला. तरी त्यानं लगेच जाऊ दिलं नाही. हँडल धरून चार पावलं चालायला लावलं, दोन्ही ब्रेक दाबायला लावले. मगच म्हणाला, "आता बसा."

दुकानासमोर मी एक चक्कर मारली. तो माझ्या कमरेकडं बघत होता.

"ताई, सायकल कुणाची?"

"माझी."

"मग भावाची असल्यावानी कलून कामून बसलाव?"

मी ताठ बसले. भावाचं तर मी याला काहीच सांगितलं नव्हतं! विचारावं म्हणून वळले, तर तो दुसऱ्या एका बाईच्या टाचेखाली पुठ्ठा सरकवत होता. तिनंही सगळ्यात उंच सायकल धरली होती.