डालग्याखालच्या मोकळ्या कोंबड्या

सातवीत शाळा सोडली. किनवटकडून निघालो तो कामं बदलत बदलत आगाशीतल्या या वाडीत येऊन टेकलो. वाडी काकींची, म्हणजे माझ्या मालकिणीची. केळी, पानवेली आणि त्यांतून दिवसभर फिरणाऱ्या गावठी कोंबड्या. कोंबड्यांचं सगळं माझ्याकडे. राहायला विहिरीजवळची खोली, दुपारचं जेवण काकींच्या घरचं. इतकं चांगलं चाललं होतं, की हे कधीतरी हातातून जाईल अशी सारखी धास्ती असायची.

मागच्या वर्षी टीव्हीवर बातमी फिरत होती, टेम्पोत कोंबून नेलेल्या कोंबड्यांची. जाळीतून माना बाहेर आलेल्या. बघवत नव्हतं. मग इथल्या एका चॅनलला मोकळ्या कोंबड्या दाखवायच्या होत्या. पत्रकार बाई येणारेत, सगळं नीट ठेव, असं सांगून काकी बाजारात गेल्या.

नीट ठेवायचं म्हणजे काय, ते मला आईनं शिकवलेलं. आमच्याकडे पाहुणे यायचे म्हटले की अंगण झाडायचं आणि कोंबड्या डालग्याखाली झाकायच्या. मी दाणे टाकून एकेक धरली आणि वाडीतल्या होत्या नव्हत्या तेवढ्या टोपल्या पालथ्या घातल्या. अंगण लख्ख.

बाई आल्या, सोबत कॅमेरावाला. मोकळ्या कोंबड्या कुठायत, त्यांनी विचारलं. मी टोपल्यांकडे बोट दाखवलं. आतून कुरकुर चालू होती. बाई वाकून टोपलीच्या फटीतून आत बघायला लागल्या. मी मात्र मनातल्या मनात कपडे पिशवीत भरायला लागलो. काकींची शोभा चॅनलवर होणार आणि मी गावी जाणार.

तेवढ्यात काकी आल्या. मी चाचरत सांगितलं. त्या पदर तोंडाला लावून हसल्या आणि बाईंना म्हणाल्या, "याच्या गावाला पाहुणा दिसला की कोंबड्या झाकतात. तुमच्या डोळ्यांत भूक दिसली असेल त्याला." मग माझ्याकडे वळून, "उचल आता. आणि यापुढे पाहुण्यांचं मी बघते, तू कोंबड्यांचं बघ."

'यापुढे' ऐकलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

बातमीत नेमकं तेच आलं. बाई सांगतायत, कोंबडीला पंख पसरायला जागा हवी, उकरायला माती हवी. आणि समोर टोपली वर होतेय, कोंबड्या फडफडत केळीत शिरतायत. माझा चेहरा नाही, नुसता हात. आईनं गावी मोबाईलवर पाहिलं आणि लगेच फोन केला.

"टोपली उचलणारा हात तुझाच ना?" म्हणाली. "म्हणजे झाकल्यापण तूच असशील."