वर न केलेला हात

तुमचा साहेब शेजारी मांडी घालून बसला आहे. समोरून कुणी विचारलं, "मनाच्या आजाराची गोळी कोण कोण घेतं? हात वर करा," तर तुम्ही कराल?

विलासनं केला नाही. त्यानंतर काही दिवसांनी, कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, एचआरचे देसाई साहेब माझ्यापुढे विलासच्या फिटनेसचा कागद धरून उभे होते.

"सही करा मॅडम. सेकंड शिफ्ट सुरू होतेय. भट्टीत मेल्ट तयार आहे आणि क्रेनवर आज दुसरा माणूस नाही."

मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे. आठवड्यातून एकदा या कंपनीत कामगारांशी बोलायला जाते. गोळ्या लिहून देणारे सायकिॲट्रिस्ट वेगळे. मी बोलते आणि ऐकते. विलास ओव्हरहेड क्रेन चालवायचा. वितळलेल्या लोखंडानं भरलेलं लेडल, म्हणजे माणूस मावेल एवढी बादली, तो वरच्या केबिनमधून उचलून साच्यांपर्यंत न्यायचा. खाली माणसं काम करत असतात. सुपरवायझरनं तक्रार केली होती की विलासचे हात थरथरतात आणि त्याची जीभ अडखळते, म्हणून त्याला वर चढवण्याआधी माझी सही हवी होती.

"हे थरथरणं म्हणजे हीलिंग क्रायसिस आहे," देसाई म्हणाले. "शिबिराच्या गुरुजींनी फोनवर सांगितलं. आतलं सगळं बाहेर पडतंय."

"गुरुजी लेडलखाली उभे राहणार आहेत का?"

देसाईंना ते लागलं. लागावं म्हणूनच बोलले होते.

शिबिराला कंपनीनंच नेलं होतं. पन्हाळ्याच्या पलीकडे एक फार्महाऊस, तिथं ध्यान, मौन आणि शेवटी ‘औषधी चहा’. चहा कसला, हे मला आधी कुणी सांगेना. शेवटी देसाईंनीच आवाज खाली आणून सांगितलं. मशरूम.

या मशरूममध्ये सायकेडेलिक द्रव्य असतं. मनानं स्वतःभोवती घातलेलं कुंपण ते काही तासांसाठी पाडतं. माणसाला मेलेली माणसं भेटतात, आपण आणि जग एकच आहोत असं वाटतं, रडू येतं, कधी भीतीनं गाळण उडते. आपल्याकडे ते बेकायदा आहे. परदेशात डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यावर संशोधन चालतं, पण तिथं आधी स्क्रीनिंग होतं. प्रत्येकाला एकट्याला बसवून आजार, गोळ्या, घराण्याचा इतिहास असं सगळं विचारतात. इथं ते सर्वांसमोर हात वर करून उरकलं.

"मीही घेतला तो चहा," देसाई म्हणाले. "वडील गेले तेव्हा मी रडलो नव्हतो. तिथं लहान मुलासारखा रडलो. माझी झोप सुधारली. खोटं नाही सांगत. मग विलासचं तेवढं वाईट कसं होईल?"

मला या माणसाचा राग येत होता, तरी हे खरं होतं. त्याला बरं वाटलं होतं. म्हणूनच तो जास्त धोकादायक होता.

"मला विलासशी एकट्याशी बोलू द्या. दार लावून."

"पाच मिनिटं," देसाई म्हणाले. "आणि मॅडम, काँट्रॅक्टचं रिन्यूअल माझ्याच टेबलावर आहे, तेवढं लक्षात असू दे."

विलास आत आला तो भिंतीला हात लावत. ओठ कोरडे पडलेले. मी पाण्याचा पेला पुढे केला. अर्धं पाणी शर्टावर सांडलं. दारूचा वास नव्हता.

"विलास, इथलं बोलणं या दाराबाहेर जाणार नाही. गोळ्या कसल्या घेता?"

"कसल्या न्हाय."

मी पेला पुन्हा भरून त्याच्यापुढे ठेवला. बाहेर भोंगा झाला.

"कंपनीला म्हाईत न्हाय, म्याडम. कळलं तर क्रेनवरनं काढतील."

"मग मला सांगा."

"डोकं जागेवर ऱ्हायाच्या. लिथियम. लगीन मोडलं तवा लई बिघडलं हुतं. तवापासनं चालू हाय. शिबिरात इचारलं हुतं, पण देसाई सायेब मांडीला मांडी लावून बसलेलं. हात कसा वर करू?"

लिथियमवर असताना असा चहा घेतला तर झटके येऊ शकतात. त्यातून विलास सुटला होता. मग आता हे काय होतं?

"गोळी बंद केलीय?"

"न्हाय. एक बी चुकवली न्हाय."

इथं मी अडले. गोळी चुकली असती तर जुना आजार उसळला, असं म्हणता आलं असतं. पण तसा माणूस भराभर बोलतो, झोपत नाही, अंगात वारं भरल्यासारखा फिरतो. हा तर बसल्या जागी पेंगत होता.

दार ढकलून त्याची आई आत आली. लेकाची तब्येत ऐकून ती काही दिवसांपूर्वी नेसरीहून येऊन त्याच्याकडे राहिली होती. हातात डबा.

"बाई, त्येला आधी दोन घास खाऊ द्या. सकाळधरनं दोनदा वकलाय."

तिनं डबा उघडला. भाकरी आणि पांढरीफटक पडलेली भाजी.

"अळणी हाय," ती म्हणाली. "पाळणूक हाय त्येची. शिबिरातल्या गुरुजींनी मीठ सोडाय सांगितलं, मन निर्मळ ऱ्हातं म्हणं. म्या म्हटलं, देव अंगात याय लागलाय तर नीट पाळाय पायजे. मिठाचा खडा दिला न्हाय बघा."

लिथियम हाही एक क्षारच. जेवणातलं मीठ तुटलं की मूत्रपिंड लिथियम बाहेर सोडत नाही, साठवून ठेवतं. रोजची तीच गोळी मग विष होते. हात थरथरतात, जीभ जड होते, तोल जातो, उलट्या होतात. पुढे बेशुद्धी आणि मृत्यूही. त्यात भट्टीजवळचा घाम आणि उलट्या. गुरुजीला गोळी माहीत नव्हती. आईला गोळीचा आणि मिठाचा संबंध माहीत नव्हता. विलास दोघांच्या मधे गप्प होता.

"मावशी, याला आत्ता दवाखान्यात न्यायचंय."

"दवाखान्यात? अंगात आलेल्या माणसाला सुई टोचत्यात व्हय? कोप हुईल."

देव नाही, असं सांगणारी पत्रकं मी शाळेत असल्यापासून वाटली आहेत. ती सगळी ओठांवर आली. गिळली.

"तुमच्या घरात आधी कुणाच्या अंगात यायचं?"

"माझ्या आत्तीच्या. यल्लम्मा यायची."

"किती वेळ राहायची?"

"घटकाभर. मग पाणी प्याली की उतरायचं. परत चुलीम्होरं."

"आणि याचं कधीपासून उतरलं नाही?"

ती लेकाकडे बघत राहिली. त्याचा हात मांडीवर उड्या मारत होता, डोळे मिटत चालले होते. तिनं डब्याचं झाकण लावलं.

"न्हाय उतरलं," ती म्हणाली. "चला, उचला त्येला."

मी दार उघडलं. देसाई समोरच.

"झालं? सही?"

"अनफिट. ॲम्ब्युलन्स बोलवा."

"झालंय काय त्याला?"

"ते मी तुम्हाला सांगणार नाही."

"मॅडम, मेल्ट थंड होतंय. वर मी काय सांगू?"

"सांगा की सही झाली नाही. त्याला वर चढवलंत तर मी क्रेनच्या शिडीपुढे आडवी उभी राहीन."

देसाईंनी माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. विलास खुर्चीवरून घसरत होता आणि आई त्याला काखेतून धरत होती. देसाईंनी कागद खिशात कोंबला आणि स्वतःची गाडी काढली. ॲम्ब्युलन्सची वाट पाहिली नाही. तेवढं श्रेय त्यांना देते.

गाडीत बसण्याआधी मी आईकडून नंबर घेतला आणि बाजूला जाऊन विलासच्या सायकिॲट्रिस्टना, डॉ. मुजावरांना फोन लावला. "गोळी द्यायची नाही. कॅज्युअल्टीत लिथियम लेव्हल पाठवायला सांगा. मी पोचतो," एवढंच ते म्हणाले. दवाखाना येईपर्यंत विलास हाकेला ओ देईनासा झाला. रक्तातली लेव्हल धोक्याच्या पातळीच्या बरीच वर निघाली. सलाईन लागलं. दुसऱ्या दिवशी आईला ओळखू लागला.

शुद्धीवर आल्यावर त्यानं मला विचारलं, "म्याडम, चहा घेतल्यावर माझा थोरला भाव भेटला. विहिरीत गेलेला. म्हणाला, तुझी चूक नव्हती. ते बी विषच हुतं का?"

"नाही. विष मीठ तोडल्यामुळं साठलेल्या गोळीचं होतं. भाऊ भेटला ते तुमचं आहे, त्यावर आपण सावकाश बोलू."

विलास जगला. हाताचा थोडा कंप राहिला. तो क्रेनवर परतला नाही, स्टोअरला आहे. ही गोष्ट त्याच्या परवानगीनं आणि नावं बदलून लिहिते आहे. माझं काँट्रॅक्ट रिन्यू झालं नाही. देसाईंनी मात्र शिबिरं बंद केली.

मनाला शांती हवी असणं हा गुन्हा नाही. पण माणसाला गर्दीत लाजवून गप्प करायचं आणि वर त्याची संमती मिळाली म्हणायचं, ही फसवणूक आहे. मग ती गुरुजी करो की कंपनी.

म्हणून एक मागणं आहे. शिबिर असो, जिम असो, कंपनीची तपासणी असो, पुढच्या वेळी कुणी सर्वांसमोर "काही आजार असेल तर हात वर करा" म्हणालं, तर तुम्ही उठून उभे राहा. तुम्हाला काही आजार नसला तरी उठा. आणि म्हणा, "असं नाही. एकेकाला आत बोलवा, दार लावा, मग विचारा."